झिंक ऑक्साइड डाळिंबाच्या सालीने केले की भट्टीने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि झिंक ॲसिटेट घेऊन झिंक ऑक्साइडचे नॅनोकण केले, ५०० अंश सेल्सिअसला भाजले, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी) चांगला आला. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर १४ मिमीचा झोन (नमुन्याभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ) मिळाला. दुसऱ्या बॅचला तोच झोन ९ वर आला आणि ई. कोलायवर तर काहीच दिसले नाही. गाइड म्हणतात, आता ‘मेकॅनिझम’चे, म्हणजे कण जिवाणू कसे मारतात याचे, प्रकरण लिहून टाका. जे एकदा आले आणि एकदा आले नाही त्याचे मेकॅनिझम काय लिहायचे, हे तुम्हाला कळेना.

तुमची अडचण खरी आहे. प्रकरण लिहायला बसू नका, आधी भट्टीकडे जा. का, ते सांगतो.

या विषयावरच्या बहुतेक प्रबंधांत एक वाक्य ठरलेले असते: ‘वनस्पतीतील फिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड्स झिंक आयनांचे क्षपण करून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तयार करतात.’ तुमच्याही मसुद्यात ते आहे. आता अकरावीच्या रसायनशास्त्राने बघा. झिंक ॲसिटेटमध्ये झिंकची ऑक्सिडीकरण अवस्था +२, झिंक ऑक्साइडमध्येही +२. क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून ही अवस्था खाली येणे. मग क्षपण कशाचे झाले? कशाचेच नाही. हे वाक्य चांदी-सोन्याच्या कामातून उचलून इथे चिकटवलेले आहे. चांदीचा आयन +१ वरून शून्यावर येतो, सोन्याचा +३ वरून शून्यावर. तिथे वनस्पतीतली संयुगे खरोखर इलेक्ट्रॉन देतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री यांच्या गटाने २००३-०४ च्या सुमारास जिरॅनियमची पाने, कडुलिंब आणि गवती चहा वापरून चांदी-सोन्याचे कण केले. त्यानंतर या कामाची देशभर लाट आली. लाट चांदीवरून झिंककडे आली तेव्हा शब्दही तसेच वाहत आले. धातू बदलला, पण वाक्य कुणी बदलले नाही.

मग साल काय करते? बरेच काही करते, फक्त क्षपण नाही. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिने भरपूर असतात. त्यांचे हायड्रॉक्सिल गट झिंक आयनाला धरून ठेवतात, त्यामुळे कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घातल्यावर अवक्षेप एकदम न पडता दमाने पडतो. पडलेल्या कणांच्या पृष्ठभागावर ही संयुगे चिकटतात आणि कण वाढायला, एकमेकांत मिसळायला अडवतात. आणि भाजताना हाच सेंद्रिय भाग जळून वायू बाहेर टाकतो, पूड फुसफुशीत होते. म्हणजे सालीची कामे तीन: बांधणे, झाकणे, जळणे. प्रबंधात हे लिहा. परीक्षकाला उत्तर देता येईल.

अर्कात झिंक मीठ घातल्याबरोबर तपकिरी गढूळपणा येतो, तो ‘नॅनोकण तयार झाल्याची खूण’ म्हणून फोटोसह छापला जातो. झिंक ऑक्साइड पांढरे असते. तपकिरी दिसते ते झिंक आणि टॅनिनचे संयुग. आणि कॉस्टिकने सगळे काळपट होते ते टॅनिनचे ऑक्सिडीकरण. चांदीच्या बाबतीत रंग बदलणे हा पुरावा असतो, इथे तो सालीचाच रंग.

आता मूळ मुद्दा. तुम्ही अर्क न घालता हीच कृती केली होती का? तेच झिंक ॲसिटेट, तेच कॉस्टिक, तोच पीएच, तीच भट्टी, फक्त अर्काच्या जागी तेवढेच डिस्टिल्ड पाणी. तुमच्या मजकुरात ते कुठे दिसत नाही. झिंक ॲसिटेट नुसते भाजले तरी झिंक ऑक्साइड होते, झिंक नायट्रेटचेही तेच. कॉस्टिकने पाडलेले झिंक हायड्रॉक्साइड तर नुसत्या गरम पाण्यातही ऑक्साइडकडे वळते. म्हणजे ५०० अंशांनंतर एक्सआरडीवर झिंक ऑक्साइड दिसले यातून सालीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तिथे विटकरीचा चुरा घातला असता तरी झिंक ऑक्साइडचे पीक आलेच असते. सालीने काय केले हे फक्त तिच्याशिवाय केलेली बॅच शेजारी ठेवल्यावर कळते. कण लहान झाले का, आकार बदलला का, पृष्ठभाग वाढला का, जिवाणूंवर फरक पडला का, हे सगळे त्या दुसऱ्या क्रुसिबलवर (भट्टीत ठेवायच्या भांड्यावर) अवलंबून आहे.

काही जण अर्क आणि झिंक नायट्रेट एकत्र आटवून, राब झाल्यावर थेट मफल फर्नेसमध्ये ठेवतात. त्यात धुण्याची पायरीच नसते. सालीत पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असते, ते सगळे राखेच्या रूपाने नमुन्यात राहते. पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात विरघळून चांगलेच अल्कधर्मी होते, आणि जिवाणूंना तेवढे पुरते. ही पद्धत कुणी वापरत असेल तर नुसती सालीची राखही तिसरा नमुना म्हणून तपासली पाहिजे. शिवाय नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र तापले की भडका उडतो, तपकिरी विषारी धूर निघतो. फ्यूम हूडशिवाय करू नका, आणि क्रुसिबल काठोकाठ तर मुळीच भरू नका.

तुमची कृती अवक्षेपाची आहे, ती बरी. फक्त हिशेब ठेवा. १०० मिली ०.१ मोलर द्रावणासाठी तुम्ही २.१९५ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट घेतले. त्यातून सगळे झिंक ऑक्साइड झाले तर ०.८१४ ग्रॅम मिळायला हवे. तुम्ही पहिल्या बॅचचे वजन १.०२ ग्रॅम लिहिले आहे. शंभर टक्क्यांच्या वर उत्पन्न कुठल्याच रसायनशास्त्रात बसत नाही. तो जास्तीचा पाचवा हिस्सा कोळसा असेल, कार्बोनेट असेल, न धुतलेले सोडियम ॲसिटेट भाजून झालेले सोडियम कार्बोनेट असेल. पुडीचा रंग ‘फिकट राखाडी’ लिहिलाय, तेव्हा कोळसा आहेच. शुद्ध झिंक ऑक्साइड भट्टीतून गरम काढले तर पिवळे दिसते आणि निवताना डोळ्यांदेखत पांढरे होते. हे एकदा बघाच, मजा येते. राखाडी राहिले तर हवा पुरेशी मिळालेली नाही. झाकण किंचित उघडे ठेवा, थर पातळ ठेवा.

१४ चा झोन ९ वर का आला, याचा पहिला संशय मला धुण्यावर आहे. तुम्ही पहिली बॅच ‘पाण्याने एकदा’ आणि दुसरी ‘तीनदा’ धुतली असे वहीत आहे. आमच्याकडे फार पूर्वी हेच झाले होते. एका बॅचचा झोन इतका देखणा आला की फोटो भिंतीवर लागला. महिनाभराने कुणीतरी सहज त्या पुडीचे पाणी पीएच पेपरवर टाकले तर कागद निळा. पूड पुन्हा धुतली, झोन निम्म्यावर आला. फोटो उतरवला. तेव्हापासून आमचा नियम: एक चिमूट पूड डिस्टिल्ड पाण्यात हलवा, वरचे पाणी निथळा, त्याचा पीएच बघा. धुण्याचे शेवटचे पाणी आणि ताजे डिस्टिल्ड पाणी यांत फरक उरेनासा होईपर्यंत धूत राहा. मग एकदा इथेनॉलने, मग ८० अंशांच्या ओव्हनमध्ये.

दुसरा संशय सालीवर. पहिल्या वेळी साल कोणाकडून आणली, भगवा होती की गणेश, सावलीत वाळवली की ओव्हनमध्ये, याची नोंद नाही. सोलापूरच्या बाजारातली साल आणि रसवंतीवाल्याकडची उरलेली साल यांत टॅनिन सारखे असणार नाही. प्रत्येक अर्काचे फोलिन-सिओकाल्तो पद्धतीने ७६५ नॅनोमीटरला एकूण फिनॉल मोजा आणि गॅलिक ॲसिडच्या तुलनेत लिहा. अर्धा दिवस जातो, पण दोन बॅचची तुलना करायला आधार मिळतो. अर्क चार अंशांना दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, बुरशी लागते.

आता मोजमापांकडे. एक्सआरडी तुम्ही २० ते ८० अंशांत घेतला आहे, सगळेच घेतात. पुढच्या वेळी ५ पासून घ्या, निदान न भाजलेल्या नमुन्याचा तरी. झिंक ॲसिटेटपासून थरांचे झिंक हायड्रॉक्सी-ॲसिटेट तयार होऊ शकते आणि त्याचा ठळक पीक साधारण ६ ते ७ अंशांत असतो. २० पासून सुरू केले की तो दिसतच नाही आणि नमुना फसवा शुद्ध वाटतो. भाजलेल्या नमुन्यात ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांचे तीन पीक म्हणजे षट्कोनी वुर्ट्झाइट, तिथे वाद नाही.

एक्सआरडीच्या पीकच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने तुम्ही कणाचा आकार ०.३६ नॅनोमीटर काढलाय. हे वाचून मी हसलो, रागावू नका. ३६.२५ अंशांचा पीक, रुंदी ०.४ अंश, तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर. रुंदी रेडियनमध्ये न बदलता तशीच घातली की ०.३६ येतात. झिंक ऑक्साइडची एकक कोष्ठिकाच ०.५२ नॅनोमीटर उंच असते, त्याहून लहान स्फटिक कसा असेल? ०.४ अंश म्हणजे ०.००६९८ रेडियन, मग उत्तर सुमारे २१ नॅनोमीटर. हा स्फटिकाचा आकार आहे, कणाचा नाही. एका कणात अनेक स्फटिक असू शकतात. सेम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) ६० दाखवेल, डीएलएस (प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार मोजणारे यंत्र) ३०० दाखवेल, कारण डीएलएस पाण्यातले गोळे मोजते. तिन्ही आकडे एकमेकांना खोटे पाडत नाहीत, पण त्यांतला लहानात लहान आकडा निवडून शीर्षकात घालणे ही या क्षेत्राची वाईट खोड आहे.

यूव्ही-व्हिजिबलमध्ये (प्रकाश शोषण्याच्या मोजमापात) ३७० नॅनोमीटरच्या पीकला तुम्ही ‘सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स’ म्हटले आहे. पुन्हा चांदीची उसनवारी. प्लाझमॉन धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा असतो. झिंक ऑक्साइड अर्धवाहक आहे, तिथे ३७० हा बँड गॅपचा शोषणपट्टा. १२४० भागिले ३७०, सुमारे ३.३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, नेहमीच्या झिंक ऑक्साइडइतकेच. २१ नॅनोमीटरच्या स्फटिकात क्वांटम परिणामाने पट्टा सरकला असेही लिहू नका. त्यासाठी कण चार-पाच नॅनोमीटरच्या आसपास यावे लागतात.

एफटीआयआरमध्ये (रासायनिक बंध ओळखणाऱ्या अवरक्त चाचणीत) ४०० ते ५५० च्या दरम्यानचा खोल पट्टा झिंक-ऑक्सिजन बंधाचा, तो बरोबर. पण ३४०० आणि १६३० ला ‘अर्कातील फिनॉल’ ठरवून टाकलेत. ५०० अंशांना दोन तास भाजल्यावर कुठले फिनॉल शिल्लक राहणार? ते दोन्ही पट्टे हवेतून आलेल्या ओलाव्याचे. २३५० चा कार्बन डायऑक्साइड, १४०० ते १५०० चा कार्बोनेट. आणि इथेच तुमच्या प्रबंधातली सगळ्यात मोठी विसंगती आहे. एका पानावर तुम्ही नमुना ५०० ला भाजता, पुढच्या पानावर ‘पृष्ठभागावरील वनस्पतिजन्य आवरणामुळे जैविक क्रिया वाढते’ असे लिहिता. दोन्हीपैकी एक ठेवा. आवरणाबद्दल बोलायचे असेल तर ८० अंशांना सुकवलेला, न भाजलेला नमुना वापरा आणि टीजीएवर (तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रावर) किती वजन जळून जाते ते दाखवा. पण मग टॅनिन स्वतः जिवाणूरोधक आहे हे विसरू नका, झोन कणांचा की टॅनिनचा हा नवा प्रश्न उभा राहतो.

आता प्लेटकडे. अगार वेल डिफ्युजन (जिवाणू पसरलेल्या अगारच्या थरात वेल, म्हणजे खड्डा करून त्यात नमुना घालणे) ही प्रतिजैविकांसाठीची चाचणी. पेनिसिलिन पाण्यात विरघळते, अगारमधून पसरते, म्हणून झोनचा व्यास काहीतरी सांगतो. झिंक ऑक्साइडचे कण अगारमधून चालत जात नाहीत. वेलमध्ये बसून राहतात आणि त्यांतून विरघळलेले झिंक आयन तेवढे पसरतात. पाण्यात झिंक ऑक्साइडची विद्राव्यता लिटरला काही मिलिग्रॅम, माध्यमातल्या अमिनो आम्लांमुळे थोडी वाढते, फॉस्फेट असेल तर झिंक फॉस्फेट होऊन परत खाली बसते. म्हणून छोटा झोन म्हणजे दुर्बळ नमुना असे नाही, आणि मोठा झोन म्हणजे प्रभावी कण असेही नाही. त्यात तुम्ही ‘नमुना डीएमएसओमध्ये (एका सेंद्रिय द्रावकात) विरघळवला’ असे लिहिता. तो विरघळत नाही, तरंगतो, आणि दोन मिनिटांत खाली बसतो. व्हायलच्या वरून पिपेटने घेतलेले शंभर मायक्रोलिटर आणि तळातून घेतलेले शंभर यांत कणांचा जमीन-अस्मानाचा फरक असतो. सॉनिकेट करा (ध्वनिलहरींनी विखुरा) आणि प्रत्येक वेल भरण्याआधी व्हायल हलवा. १४ आणि ९ मधला थोडा फरक इथेही असू शकतो.

झोन प्राथमिक चाळणी म्हणून राहू द्या, पण निष्कर्ष त्यावर टांगू नका. म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये ९६ वेलच्या प्लेटवर एमआयसी (वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा) काढा. अडचण अशी की कणांमुळे ब्रॉथ आधीच दुधाळ असतो, त्यामुळे गढूळपणा पाहून वाढ ठरवता येत नाही. प्रत्येक वेलमधून थोडे घेऊन अगारवर पसरवा आणि वसाहती मोजा. कंटाळवाणे आहे, पण कणांच्या दुधाळपणाने हे आकडे बिघडत नाहीत. जिवाणू ०.५ मॅकफार्लंडला (गढूळपणाच्या मापाला) जुळवून, म्हणजे मिलिलिटरला साधारण पंधरा कोटी, तिथून योग्य तेवढे पातळ करून घ्या. स्ट्रेन नोंदणीकृत हवी. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जिवाणूसंग्रहांकडून मागवता येते. ‘शेजारच्या पॅथॉलॉजी लॅबमधून मिळाला’ हे प्रबंधात शोभत नाही.

आणि शेजारी हे ठेवा: अर्काशिवाय केलेले झिंक ऑक्साइड, नुसता अर्क, आणि तेवढेच झिंक असलेले झिंक ॲसिटेट. ‘तेवढेच’ हा शब्द महत्त्वाचा. झिंक ऑक्साइडमध्ये वजनाच्या ८० टक्के झिंक, झिंक ॲसिटेट डायहायड्रेटमध्ये ३० टक्के. म्हणून १ मिलिग्रॅम ऑक्साइडसमोर २.७ मिलिग्रॅम ॲसिटेट. बहुतेक जण दोन्ही १ मिलिग्रॅम घेतात आणि ‘नॅनोकण मीठापेक्षा प्रभावी’ असे जाहीर करतात. एक संच ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवा. झिंक ऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की हायड्रॉक्सिल मूलके, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. अंधारात आणि उजेडात फरक पडला तर त्या मार्गाला आधार मिळेल. फरक पडला नाही आणि झिंक ॲसिटेटनेही तितकेच जिवाणू मारले, तर काम आयनांचे. आता तुमचे ‘मेकॅनिझम’ लिहायला काहीतरी हातात येईल. ई. कोलाय टिकून राहिला यात मला नवल वाटत नाही. त्याला बाहेरचा जास्तीचा पडदा असतो, आणि झिंक ऑक्साइडपुढे स्टॅफिलोकोकस अधिक नरम पडतो हे बऱ्याच ठिकाणी दिसते. ते अपयश म्हणून लपवू नका, जसे आहे तसे लिहा.

डीपीपीएच (ऑक्सिडीकरणरोधी चाचणी) आणि एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते पाहणारी चाचणी) तुम्ही पुढे करणार म्हणता. भाजलेल्या झिंक ऑक्साइडवर डीपीपीएच करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. त्याच्याकडे द्यायला हायड्रोजन नाही, रंग कमी झालाच तर तो कणांवर चिकटून किंवा प्रकाशाने. करायचेच असेल तर अंधारात करा आणि ५१७ ला मोजण्याआधी कण सेंट्रिफ्यूजने खाली बसवा. एमटीटीमध्ये कर्कपेशींसोबत एक निरोगी पेशीवंशही घ्या, पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेकडे मिळतात. झिंक ऑक्साइड पेशीत गेले की लायसोसोमच्या आम्लात विरघळते आणि पेशी कर्करोगाची आहे की नाही हे झिंक विचारत बसत नाही. ‘वनस्पतीपासून केले म्हणून निरुपद्रवी’ हे वाक्य कृपया काढा. कॅलामाइन लोशनमध्ये झिंक ऑक्साइड असते, ते त्वचेवर लावतो. त्यावरून वीस नॅनोमीटरचे कण श्वासात गेले तरी चालतील असे ठरत नाही. पूड खलताना मास्क लावा.

प्रस्तावनेत तुम्ही यशद भस्माचा (आयुर्वेदातल्या जस्ताच्या भस्माचा) उल्लेख करून ‘आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते’ असे लिहिले आहे. यशद भस्म मुख्यतः झिंक ऑक्साइडच, आणि वनस्पतींच्या रसात खलून पुट देण्याची (अग्नीत भाजण्याची) रीतही खरी. पण त्या वैद्यांनी नॅनोमीटर मोजले नव्हते, त्यांचे निकष वेगळे होते. भस्म पाण्यावर तरंगले पाहिजे, ते वारितर. बोटांत चोळले तर रेषांत भरले पाहिजे, ते रेखापूर्ण. प्रत्येक घाण्याला चाचणी होती आणि ती पास झाल्याशिवाय पुट संपत नव्हते. घ्यायचेच असेल तर तेवढे घ्या, नॅनोतंत्रज्ञानाचे वाक्य नको.

‘हरित’ या शब्दाबद्दलही एक ओळ. कॉस्टिक, इथेनॉल, ५०० अंशांची दोन तास चाललेली भट्टी, आणि झिंकयुक्त धुण्याचे पाणी बेसिनमध्ये. यात हरित तेवढी साल. ते पाणी बाटलीत साठवा, झिंक पाण्यातल्या शेवाळाला आणि जलचरांना घातक असते. युरोपियन युनियनने डुकरांच्या खाद्यातले औषधी झिंक ऑक्साइड २०२२ मध्ये बंद केले, त्यामागे पर्यावरणाचीही काळजी होती.

सबमिशनला सहा आठवडे आहेत म्हणता. पुरतात. आज संध्याकाळी दोन बॅच एकाच वेळी लावा, एक अर्काची, एक पाण्याची, सगळे सारखे. धुवा, सुकवा, उद्या एकाच भट्टीत एकाच वेळी ठेवा, ४०० अंश पुरे, दोन तास. आणि क्रुसिबलवर मार्करने नाव घालू नका, शाई भट्टीत जळून जाते आणि सकाळी कुठली कुठली हे कुणालाच कळत नाही. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात काडी बुडवून बाहेरून, तळाला खूण करा. ती भाजून तपकिरी होते आणि राहते.